गाढीकाठचे आवाज आणि घरातला अभ्यास

वाचकहो, पनवेल स्थानकाच्या पूर्वेकडून बाहेर पडावे, नवीन पनवेल मागे टाकावे आणि माथेरान रस्त्याला लागावे. रिक्षावाल्यास ‘सुकापूर’ एवढे सांगितले की पुरते. सिडकोने आखलेल्या सेक्टरांची शिस्त जेथे संपते आणि इमारती अंगाला अंग लावून उभ्या राहतात, तेथे हे गाव सुरू होते. कागदोपत्री ते पाली-देवद ग्रामपंचायतीतले. प्रत्यक्षात ते मुंबईत घर घेणे न परवडलेल्या, पण मुंबईशी नोकरीचे नाते न तुटलेल्या कुटुंबांचे. सकाळी कर्ती माणसे लोकल गाठायला निघून जातात. मागे उरतात आजी-आजोबा आणि शाळा-कॉलेजातली नातवंडे. हा लेख या मागे उरलेल्यांसाठी आहे.

स्थळवर्णनात डोळ्यांचे लाड फार होतात. सुकापुरातही डोळ्यांना निवविणारे पुष्कळ आहे: पूर्वेला प्रबळगडाचा रुंद माथा, त्याच्यामागे माथेरानची रांग आणि त्या डोंगरांतून उतरून पनवेलच्या खाडीला मिळणारी गाढी नदी. परंतु आज मला आपणांस येथे कानांनी हिंडवायचे आहे. कारण अलीकडे घरोघरी एक प्रश्न पडू लागला आहे. नातू कानात हेडफोन घालून पुस्तकापुढे बसतो. विचारले तर म्हणतो, ‘आजोबा, पावसाचा आवाज लावलाय, त्याने लक्ष लागतं.’ आजोबांना ही सबब वाटते. आई-वडील संध्याकाळी उशिरा परततात, तेव्हा खरेखोटे ठरविण्याची जबाबदारी घरी असलेल्या वडीलधाऱ्यांवरच येते. पावसाच्या आवाजाने अभ्यास होतो का, आणि होत असेल तर कोणाचा, कधी, किती मोठ्या आवाजात, हे समजून घ्यायला सुकापूर ही चांगली जागा आहे. निसर्गाचे आणि शहराचे आवाज येथे एकाच खिडकीतून आत येतात.

प्रथम सकाळ ऐकू या. उजाडण्यापूर्वी दयाळ पक्ष्याची लांब, वळणदार शीळ येते. मग दूधवाल्याची मोटारसायकल, पाण्याच्या पंपाची घरघर, जिन्यातल्या चपला, कुकरच्या शिट्ट्या. लांबवर रेल्वेचा भोंगा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग याच परिसरातून गेला आहे. वारा तिकडून असला की वाहनांचा एकसुरी ओघ ऐकू येतो, आणि डोळे मिटून ऐकले तर तो दूरच्या धबधब्यासारखा भासतो. दहाच्या सुमारास भंगारवाल्याची आरोळी, भाजीवाल्याच्या गाडीवरचा ध्वनिमुद्रित पुकारा. दुपारी कोणाच्या तरी घरी भिंतीला छिद्र पाडणारे यंत्र सुरू होते, कारण नव्या वसाहतीत कोणी ना कोणी सदैव घर सजवीत असते. संध्याकाळी सातनंतर प्रत्येक दारामागून मालिकांतले संवाद.

या सगळ्या आवाजांची लहान-मोठे अशी वाटणी आपण मनात करतोच. अभ्यासाच्या दृष्टीने दुसरी वाटणी अधिक महत्त्वाची आहे: शब्द असलेले आवाज आणि शब्द नसलेले आवाज. पंपाची घरघर मोठी असूनही पाच मिनिटांत मन तिला विसरते. शेजारच्या खोलीतले हलके बोलणे मात्र विसरता येत नाही. वाचताना किंवा पाठ करताना मेंदू अक्षरांचे रूपांतर मनातल्या मनात उच्चाराने करीत असतो आणि त्या उच्चारांना काही क्षण धरून ठेवतो. बाहेरून आलेले शब्द आपली परवानगी न विचारता त्याच ठिकाणी शिरतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

या विषयावरचा एक जुना प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना अक्षरांच्या मालिका दाखवून त्या क्रमाने आठवायला सांगितल्या. त्याच वेळी कानावर जर्मन भाषेतले वाचन पडत होते. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हते, तरीही त्यांच्या चुका वाढल्या. अर्थ कळण्याची गरजच नव्हती. बोलीचे चढउतार कानावर पडणे एवढे पुरे झाले. पुढे ब्रिटनमध्ये अ‍ॅलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच निष्कर्षाला बळकटी दिली.

आता हा प्रयोग आपल्या घरात आणा. कित्येक घरांत मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून अभ्यासाच्या वेळी एखादे संस्कृत स्तोत्र मंद आवाजात लावून ठेवतात. भावना उत्तम आहे, वेळ मात्र चुकीची आहे. स्तोत्र म्हणजे शब्द, तेही लयीत बांधलेले, स्मरणात रुतून बसावेत म्हणूनच रचलेले. नातवाला अर्थ कळत नसला तरी त्याच्या पाठांतराच्या जागेत ते शिरणारच. स्तोत्र अभ्यासाला बसण्यापूर्वी लावावे, किंवा सगळ्यांनी मिळून म्हणावे आणि मग शांतपणे पुस्तक उघडावे. सिनेगीतांचीही तीच गत. गणिते सोडवताना आवडते गाणे एक वेळ चालून जाते. इतिहासाचे पान वाचताना किंवा निबंध लिहिताना ते आड येते.

मग शब्द नसलेल्या आवाजांकडे वळू. आपण जुलैत सुकापूरला आलात, तर हा धडा आपोआप मिळेल. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पत्र्याच्या छपरावर सर आली की समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येईनासे होते. बारीक, संतत पाऊस असला की वेगळीच गंमत घडते. शेजारच्या घरातला टीव्ही चालूच असतो, पण त्यातले शब्द विरघळून जातात. उरतो तो नुसता एक अस्पष्ट गुणगुणाट. पावसाच्या आवाजाचे खरे काम हेच आहे. तो बुद्धीला धार लावीत नाही. तो शब्दांवर पांघरूण घालतो. पाण्याच्या आवाजात उंच-खालच्या सर्व पट्ट्या एकत्र मिसळलेल्या असतात आणि त्यात एकाएकी काही घडत नाही. म्हणून मनाला त्याची सवय होते आणि त्याच्याखाली बाकीचे आवाज झाकले जातात.

गाढीच्या पात्राजवळ पावसाळ्यात थोडा वेळ उभे राहिले तर दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते. श्वास आपोआप संथ होतो. २०२१ मध्ये संशोधकांनी निसर्गातल्या आवाजांवर झालेल्या अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मन प्रसन्न होण्याच्या बाबतीत पाण्याचे आवाज सर्वांत पुढे होते, तर ताण आणि चिडचिड कमी होण्याच्या बाबतीत पक्ष्यांचे. त्याआधी, २०१९ मध्ये, शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना निसर्गातले आणि काही जणांना शहरी रहदारीचे आवाज ऐकवले. निसर्गाचे आवाज ऐकलेल्यांची लक्ष आणि स्मृतीच्या चाचणीतली कामगिरी सुधारलेली दिसली. येथे एक बारकावा निसटू देऊ नका. ती माणसे आवाज ऐकत असताना चाचणी देत नव्हती. आधी ऐकले, नंतर काम केले. म्हणजे पाऊण तास अभ्यास झाल्यावर दहा मिनिटे गच्चीवर जाऊन पाखरे ऐकणे, हाही या उपायाचाच एक भाग. हेडफोनवाल्यांनी तो जवळजवळ सोडून दिला आहे.

पक्ष्यांचा विषय निघालाच आहे, तर सुकापूरच्या उन्हाळ्यातल्या दोन गवयांची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. याच सुमारास तांबट पक्षी झाडाच्या शेंड्यावर बसून आपले ‘टुक्, टुक्, टुक्’ सुरू करतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा ठोका, एकाच स्वरात, एकाच गतीत, मिनिटामागून मिनिटे. थोड्या वेळाने तो ऐकू येत असूनही जाणवत नाही. कोकिळेचे तसे नाही. तिची, खरे तर नराची, साद पायरीपायरीने चढत जाते आणि शिगेला पोचल्यावर अचानक थांबते. मन त्या चढणीबरोबर वर जाते आणि पुढच्या सादेची वाट पाहत राहते. कवींना कोकीळ प्रिय आहे, यात नवल नाही. परीक्षार्थ्याने मात्र तांबटाची संगत धरावी. अभ्यासासाठी आवाज निवडताना हाच निकष लावा: जो आवाज पुढच्या क्षणी काय करणार हे मनाला आधीच ठाऊक असते, तो चालेल.

आपल्या परंपरेत अशा आवाजाचा फार जुना नमुना आहे, तो म्हणजे तंबोरा. गायक त्याच्या आधाराने स्वर लावतो, पण तंबोरा स्वतः काहीच सांगू पाहत नाही. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या जोपासलेल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्यांचे भोपळे मंगळवेढ्याच्या परिसरातून येतात. आज मोबाइलवर तंबोऱ्याचा आवाज फुकट मिळतो. शब्द नाहीत, एकाएकी चढउतार नाही, आपल्या कानाला परका नाही. कृत्रिम खर्र आवाजापेक्षा मला तो उजवा वाटतो. अर्थात ही माझी आवड झाली.

मोबाइलवर ‘स्मरणशक्ती वाढविणारे संगीत’ म्हणून जे काही मिळते, त्याविषयी मात्र सावध राहावे. यातल्या पुष्कळ दाव्यांचे मूळ १९९३ च्या एका प्रयोगात आहे. मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आकृत्यांच्या एका चाचणीत थोडे अधिक गुण मिळाले. तो परिणाम पंधरा मिनिटांच्या आत ओसरला. नंतरच्या संशोधनातून दिसले की मन उल्हसित करणारे काहीही ऐकले तरी असाच तात्पुरता फायदा होतो. एवढ्याशा बीजावर मोठा व्यापार उभा राहिला. कर्र अशा एकसुरी आवाजाविषयी स्वीडनमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्षही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्या मुलांना लक्ष टिकवणे मुळातच अवघड जाते त्यांची कामगिरी त्या आवाजात सुधारली, इतर मुलांची उलट घसरली. म्हणून शेजारच्या मुलाला लाभलेला उपाय आपल्या नातीला लाभेलच, असे धरून चालू नये.

आता जरा गंभीर भागाकडे यावे लागेल. सुकापूर आणि एकूणच पनवेल परिसर सध्या ज्या वळणावर उभा आहे, त्याचा मुलांच्या अभ्यासाशी थेट संबंध आहे. उलव्याच्या बाजूला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. रोजगार येईल, घरांचे भाव चढतील, या गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली. कानांची चर्चा कमी झाली.

जर्मनीतल्या म्युनिक शहरात १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद झाला आणि शहराबाहेर नवा सुरू झाला. संशोधकांना ही दुर्मीळ संधी होती. त्यांनी दोन्ही ठिकाणच्या मुलांच्या चाचण्या स्थलांतराच्या आधी आणि नंतर घेतल्या. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मृती यांत घसरण दिसली. जुन्या विमानतळाजवळची मुले, गोंगाट थांबल्यावर, सुधारली. त्याच्याही आधी, १९७५ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास झाला होता. शाळेच्या एका अंगाला उंचावरून जाणारी रेल्वे होती. त्या बाजूच्या वर्गांतली मुले वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती, वरच्या वर्गांत तर जवळजवळ वर्षभराने. पुढे रुळांखाली रबराचे थर घातले गेले, वर्गांना आवाज शोषणारी छते बसविली गेली, आणि नंतरच्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आलेली आढळली. आर्लिन ब्रोन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंचे हे काम. मला या दोन्ही कथांतला शेवट महत्त्वाचा वाटतो: गोंगाट हटला की मुले सावरतात.

भारतातल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री ध्वनिक्षेपक वाजत राहिला तर ११२ क्रमांकावर तक्रार करता येते. विमान किंवा द्रुतगती मार्ग आपण हलवू शकत नाही. परंतु घरातली कोणती खोली रस्त्याच्या उलट बाजूला आहे हे पाहून अभ्यासाचे टेबल तेथे नेता येते. खिडकीच्या फटींना रबराची पट्टी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेले कपाट बाहेरच्या भिंतीला, एवढ्यानेही फरक पडतो. हे सर्व करून झाल्यावर, आणि त्यानंतरही त्रास उरला तरच, पावसाच्या ध्वनिमुद्रणाकडे वळावे. आवाजावर आवाज चढविणे हा शेवटचा उपाय होय. बंद दाराची शांत खोली मिळत असेल तर तिच्यासारखे दुसरे काही नाही.

आणि आता ज्यासाठी मी आपणांस इतक्या लांब आणले ती गोष्ट. सुकापुरातल्या एका ‘वन बीएचके’ घरात मनाने प्रवेश करा. बाहेरच्या खोलीत आजोबा बातम्या पाहत आहेत. आतल्या खोलीत नात बारावीचा अभ्यास करते आहे. टीव्हीचा आवाज तिसावर, कधी चाळिसावर. ‘आजोबा, आवाज कमी करा ना!’ आजोबा कमी करतात, दहा मिनिटांनी पुन्हा वाढवतात. नात दार आपटते. सून दोघांच्या मध्ये सापडते. काही दिवसांनी आजोबा टीव्ही लावेनासे होतात, मग जेवताना बोलेनासे होतात. घरातले म्हणतात, ‘वयामुळे स्वभाव बदलला.’ अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

यात हट्ट कोणाचाच नाही. वयोमानाने कान प्रथम उंच पट्टीतले स्वर गमावतात. भाषेतली स, श, फ, थ, क अशी व्यंजने नेमकी तेथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत असतात. म्हणून आजोबांना आवाज येतो पण शब्द फुटत नाहीत. ‘ऐकू येतं हो मला, तुम्ही नीट बोलत नाही,’ हे त्यांचे म्हणणे त्यांच्या बाजूने अगदी खरे असते. ते आवाज वाढवतात तो शब्द शोधण्यासाठी. वाढलेला तोच शब्द भिंतीपलीकडे नातीच्या पाठांतरात शिरतो. दोघांचेही दुखणे शब्दांचेच आहे, फक्त एकाला ते कमी पडतात आणि दुसरीला जास्त होतात.

अशा घरात नातीने मोठ्याने पावसाचा आवाज लावला, तर काय होईल? तिचा प्रश्न थोडा सुटेल, आजोबांचा चिघळेल. थकलेल्या कानाला गर्दीतून किंवा पार्श्वभूमीच्या आवाजातून शब्द वेगळे काढणे सर्वांत कठीण जाते. सुखद ध्वनीचे पांघरूण नातीसाठी विणलेले असते, ते आजोबांच्याही संभाषणावर पडते. म्हणून सामायिक खोलीत असा आवाज लावू नये. तो अभ्यासाच्या खोलीतच, दार लोटून, टेबलापासून थोडा दूर ठेवलेल्या लहान स्पीकरवर असावा. बोलण्याचा नेहमीचा आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. ध्वनी त्याच्याहून स्पष्टपणे खाली हवा. हेडफोनच हवा असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ध्यानात असू द्या: मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकणे धरले तर ७५ डेसिबल, मोठ्यांसाठी ८०. साधी कसोटी अशी की हेडफोन लावलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारावी. त्याला ती ऐकू आली पाहिजे.

आजोबांच्या बाजूने काय करावे? टीव्हीला जोडता येणारा बिनतारी हेडफोन आजोबांना द्यावा, म्हणजे खोली शांत राहून त्यांना हवा तेवढा आवाज मिळतो. ज्या वाहिन्यांवर किंवा कार्यक्रमांवर खाली अक्षरे येतात तेथे ती सुरू करावीत. त्याआधी कानांची तपासणी. कित्येकदा साठलेला मळ हेच अर्धे कारण निघते, आणि तो काढीने कोरण्याऐवजी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. ऐकण्याची रीतसर चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा श्रवणतज्ज्ञाकडे होते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. पैशांची अडचण असेल तर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री वयोश्री योजना यांची चौकशी जरूर करावी. राज्याच्या योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना श्रवणयंत्रासह साहाय्यक साधनांसाठी तीन हजार रुपयांपर्यंत मदत आहे.

हे केवळ नातीच्या गुणांसाठी करायचे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी १४ टाळता येण्याजोगी कारणे मांडली, त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाहेर पडतो, आणि मेंदूला रोज मिळणारा व्यायाम थांबतो. आजोबांनी टीव्ही बंद केल्यावर घर शांत होते खरे. ती शांतता फार महाग पडू शकते.

आपल्यापैकी काहींच्या कानांत सतत घंटानाद, शीळ किंवा रातकिड्यांसारखी किरकिर चालू असते. त्यांना पूर्ण शांतता उलट छळते, कारण तेव्हा आतला आवाज अधिकच उठून येतो. त्यांनी वाचताना किंवा झोपताना, अगदी हलका, आतल्या आवाजाहून किंचित खालचा पावसाचा किंवा झऱ्याचा ध्वनी लावून पाहावा. पोथी वाचताना लक्ष लागत नाही म्हणून आपण स्वतःला दोष देत असाल, तर आधी हा उपाय करा. किरकिर एकाच कानात असेल, अचानक सुरू झाली असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवावे.

शांतता एका घराने मिळविणे अवघड असते, कारण भिंती सामायिक असतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला दुसरा भोंगा वाजला की सगळे मोकळे. सरपंच विजय मोहित्यांनी पुढाकार घेतला आणि ग्रामसभेने तो उचलून धरला. सुकापूरच्या गृहसंकुलांत मंदिरावरचा भोंगा नाही, पण सोसायटीची सभा आहे, व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, आणि भिंतीला छिद्रे पाडण्याच्या वेळा ठरविण्याचा अधिकार आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी सात ते साडेआठ यंत्रे बंद, टीव्ही हळू, असा ठराव मांडायला घरात दिवसभर असणारे ज्येष्ठ नागरिकच सर्वांत योग्य. त्यांना कोण कधी गोंगाट करतो हे चोख ठाऊक असते!

घरात कोणता आवाज कोणाला मानवतो, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. नातवाला सांगा की दोन आठवडे एक वही ठेव. एके दिवशी शांततेत, दुसऱ्या दिवशी पावसाच्या आवाजात, तिसऱ्या दिवशी तंबोऱ्यात, सारख्याच लांबीचे पान वाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरचे पाच प्रश्न आजोबांनी विचारावेत आणि बरोबर आलेली उत्तरे वहीत लिहावीत. ‘छान वाटलं’ हा पुरावा धरू नये. गाणी ऐकत केलेला अभ्यास छानच वाटतो. सकाळी काय आठवले, तेवढेच मोजावे. आजोबांनाही यात काम मिळते, आणि प्रश्न विचारण्याच्या निमित्ताने बोलणे सुरू राहते.

सुकापूरला यावयाचे असेल तर पावसाळ्यातला एखादा उघडिपीचा रविवार निवडा. नेऱ्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की इमारती विरळ होतात आणि ओढ्यांचे पाणी ऐकू येऊ लागते. पात्रात मात्र उतरू नका. डोंगरावर सर आली की पाणी अचानक चढते, आणि पावसाळ्यात अशा जागी जाण्यास मनाईचे आदेशही अनेकदा निघतात. रस्त्याकडेला, सावलीत, घडीची खुर्ची टाकून बसणे पुरे. बरोबरच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र असेल तर ते भिजेल म्हणून डबीत ठेवायला लावू नका. छत्री धरा आणि यंत्र कानातच राहू द्या. दयाळाची शीळ आणि पानांवरून ठिबकणारे थेंब हे उंच पट्टीतले आवाज आहेत. वर्षानुवर्षे ऐकू न आलेले. ते ओळखायला त्यांना थोडा वेळ लागेल. नातवंडांना तेवढा वेळ गप्प बसायला सांगा, आणि काय काय ऐकू आले ते आजोबांनाच आधी सांगू द्या.